ओट्याला लावलेली कडी

शहापूर,
गुरुवार, १२ जून २०२५

सौ. संघरत्ना यांस,
दर्शनाचा नमस्कार.

फोन लागत नाही. लागत नाही म्हणजे माझाच लागत नाही. कारण काल शाळेतल्या शिपाईमावशींच्या फोनवरून लावला, तर तू दुसऱ्या रिंगला उचललास. "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणालीस. मी लगेच ठेवून दिला. तेव्हा आता पोस्टाच्या पाकिटाशिवाय गत्यंतर नाही. टोकावड्याला कुरिअरवाला जात नाही म्हणतो.

कामाचं लिहिते. गेले पाच दिवस माझ्या ओट्यावर तुझ्या सर्व्हरचं, खळ्याचं, एक अक्षर उमटलेलं नाही. बायका मला विचारतात. मी सांगते की मुरबाडकडे लाइटचा गोंधळ असेल, नाहीतर रत्नाचं मशीन बसलं असेल. नवा सर्व्हर आहे, नव्याचे नऊ दिवस, असंही एकदा म्हणाले. गमतीने म्हणाले. तुझं खळं खरंच बंद पडलं असेल तर कळव. मला दीड वर्षाचा जास्त अनुभव आहे, मदत करीन.

नवीन येणाऱ्या बाईला मी अजून आपलं तेच उदाहरण देते. ओटा म्हणजे कुठल्या कंपनीचं दुकान नाही. आपल्या घरात आपलं मशीन, त्यावर आपल्या बायकांची बसायची जागा. दुसऱ्या गावात दुसरीचं मशीन, तिचा ओटा. आणि एका ओट्यावर बसून दुसऱ्या ओट्यावरच्या बाईशी बोलता येतं, मध्ये मालक कुणी नाही. हे उदाहरण तुझं, हे मी कबूल करते. पण शाळेच्या भंगारातून तो कॉम्प्युटर हेडसरांकडून मागून आणला मी. एमएससीआयटीच्या वर्गात तुला माउस धरायला शिकवलं तेही मी. दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघी खाली सतरंजीवर बसून एकेका बटणाचं मराठी करत होतो, आठवतं का? फॉलो करण्याला 'शेजार धरणं' माझं. खासगी निरोपाला 'कुजबूज' तुझं. दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडायच्या बटणाला 'कडी लावा' कुणाचं, ते आता आठवत नाही.

कल्याणच्या पेपरातला तुझा फोटो पाहिला. 'मुरबाडच्या लेकीचं स्वतःचं समाजमाध्यम.' छान आला आहे. लेक तू शहापूरची, पण पेपरवाल्यांना काय त्याचं! फोटोत तुझ्या मागे टेबलाखाली जो इन्व्हर्टर दिसतो तो मी तुला लग्नात आहेर म्हणून दिलेला. त्याचं नाव बातमीत यायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

तुझ्याकडे पुष्कळ बायका झाल्या म्हणे. मी मोजत बसत नाही. काल एकशे चौऱ्याण्णव होत्या. आमच्या ओट्यावर अडुसष्ट. त्यातल्या तेरा जणींच्या नावाखाली आता ती पाटी दिसते, 'हे खातं इथून हललं आहे, नवा पत्ता खळं.' मागच्या महिन्यात भाविका गेली. माझ्या चुलत जावेची सून, पाच घरं सोडून राहते. रोज सकाळी दळणाला जाताना माझ्या दारावरून जाते आणि राहायला गेली टोकावड्याच्या मशीनवर! मी विचारलं तर म्हणते, "तिकडं मजा हाय ओ काकी. कोण काय विचारत नाय." इकडे काय आम्ही पोलीसचौकी उघडली आहे?

असो. मशीनची धूळ पुसत जा. पावसात पंख्यापाशी किडे शिरतात.

तुझी,
दर्शना


शहापूर,
रविवार, २२ जून २०२५

संघरत्ना,

पाकीट मिळालं. आत पत्र असेल असं वाटलं होतं. निघाला तुझ्या मशीनच्या नोंदीचा छापील कागद. शनिवार, ७ जून, दुपारी बारा चाळीस. एका मिनिटात ओट्याकडून एकशे त्रेचाळीस शेजार तुटले. खाली पेनाने तुझ्या तीन ओळी:

"ताई, लाइट गेली तर शेजार तुटत नाहीत. आणि बंद पडलेल्या खळ्यावरच्या बायका तू कशा मोजल्यास? चंद्रकला कशी आहे?"

मास्तरीण मी आणि चूक काढायची तू. बरं.

हात चुकून लागला, असं लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि फाडलं. ती कडी चुकून लागत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मशीन आधी विचारतं, 'खात्री आहे का? कडी काढली तरी तुटलेले शेजार आपोआप जुळणार नाहीत.' हे वाक्य मराठीत मीच लिहिलं आहे आणि लिहून झाल्यावर तुला दोनदा वाचून दाखवलं होतं. तर लावली. मीच लावली. सुट्टीतल्या कामाला शाळेत गेले होते, तिथून जेवायला घरी आले, जेवले नाही, कडी लावली आणि परत शाळेत गेले. बायकांना सांगितलं की खळ्याकडूनच बंद झालं. तेही मीच सांगितलं.

का लावली विचारशील. आपलं मार्चमध्ये झालं ते आठव. मी नव्या बाईला अर्जात दोन गोष्टी विचारते, माहेरचं गाव आणि माहेरचं आडनाव. आपल्याकडे दोन बायका नव्याने भेटल्या की पहिलं हेच विचारतात, मी काही जगावेगळं केलं नाही. तू म्हणालीस, "ताई, गाव विचार. आडनाव नको. आडनाव विचारलं की निम्म्या बायका दारातच थांबतात." मी म्हटलं, ओळखीशिवाय कोण कुणाला घरात घेतं? तू म्हणालीस, "मला घेतलंस तेव्हा विचारलं होतंस?" आणि मी म्हणाले, "तुझं माहीतच होतं."

तू चहा तसाच ठेवून उठलीस. आमच्या सासूबाईंनी विचारलं, "का गो, रत्नी च्या न घेताच गेली?" मी म्हटलं, एसटीची वेळ झाली. त्या दिवसापासून तुझा फोन मला बंद आहे आणि तुझ्या खळ्यावर आडनावाचा रकाना नाही. झालं, सगळ्या तिकडे!

रत्ना, मला राग येतो. साधा नाही, रोज मशीन उघडलं की येतो. तू खळ्यावर लिहितेस की कुणाच्या भाताच्या रोपांवर करपा आलाय, तर चाळीस जणी धावून येतात. मी ओट्यावर एसटीचं नवीन वेळापत्रक टाकते, त्याला तिघी 'ऐकलं'चं बटण दाबतात. त्यातल्या एक आमच्या सासूबाई, त्यांचं खातं मीच चालवते. तू गेल्यावर मी मशीन एकटीने सांभाळलं. डिस्क भरली तेव्हा कुणाला न विचारता जुने फोटो हलवले. पत्त्याचं नूतनीकरण, माहितीची रोजची नक्कल, सगळं वेळेवर. बायकांना त्याचं काय? मशीन चालतं तोवर मशीनवालीची आठवण कुणाला येत नाही. तुझं मात्र पेपरात येतं.

आणि एवढं होऊन तू तीन ओळींत विचारतेस काय, तर चंद्रकला कशी आहे! माझी नणंद आहे ती. माझ्या घरातली. मी कशी आहे हे विचारायला तुझ्या पेनात शाई नव्हती का?

मजेत आहे ती. खर्डीला तिच्या घरी आहे, आणखी कुठे असणार? गेल्या सोमवारी, सोळा तारखेला, सकाळीच आली होती. हातात पिशवी. मी म्हटलं राहतेस का, तर म्हणाली, "नाय वयनी, अशीच आले." माझी शाळा उघडायचा पहिला दिवस, मला घाई. ती ओटीवर बसली आणि सारखी फोनमध्ये बघत होती. मी दोनदा चहाला हाक मारली, तिला ऐकूही गेलं नाही. दहाच्या सुमारास उठली आणि म्हणाली, "जाते." मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, "घरी." गेली परत खर्डीला. पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही. तुला एवढी काळजी का, ते तू सांग.

कडी मी काढणार नाही. निदान सध्या नाही.

दर्शना


शहापूर,
शनिवार, २८ जून २०२५

रत्ना,

तुझं पत्र काल दुपारी आलं. शाळेत मिळालं. कॉम्प्युटरच्या खोलीत सातवीची मुलं होती, त्यांना चित्र काढायला सांगितलं आणि वाचलं. मग परत वाचलं.

टोकावड्याच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती. राहायला खोली. तू तिच्यासाठी शब्द टाकला होतास. सोळा तारखेला शाळा उघडते, त्या दिवशी हजर व्हायचं, ती आदल्या दिवशी तुला कळवणार आणि सकाळच्या गाडीने सरळगाववरून येणार. तू टोकावड्याच्या स्टँडवर बारापर्यंत उभी होतीस. आणि ती त्याच वेळी माझ्या ओटीवर बसून तुझ्या उत्तराची वाट बघत होती.

हे मला माहीत नव्हतं. पण सगळंच माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही, ती आता लिहिते.

सात जूनला मी कुजबूज उघडली.

पहिल्या दिवशी मशीनपुढे नारळ फोडला तेव्हा आपण काय ठरवलं होतं? मशीन जिच्या घरात असतं तिला आतलं सगळं दिसू शकतं. म्हणून बायकांचे खासगी निरोप जिथे साठतात तिथे आपण दोघींनी कधी जायचं नाही. तू म्हणालीस, कुलूप लावता येत नाही म्हणून शब्द द्यायचा. मी दिला. दोन वर्षं पाळला. त्या दिवशी दुपारी मी जागा मोकळी करायला बसले होते. कुणाचे किती निरोप, एवढाच आकडा समोर आला. चंद्रकला आणि संघरत्ना, दोनशे चौदा.

दोनशे चौदा, रत्ना! माझी नणंद माझ्याशी सणावारी बोलते, मान खाली घालून. आणि तू मार्चपासून माझ्याशी एक शब्द नाही. तुम्ही दोघी माझ्याच मशीनवर, माझ्याच घरात बसून दोनशे चौदा वेळा बोललात आणि मला पत्ता नाही. मी शेवटचा निरोप उघडला. तुझा होता. 'दर्शनाताईला यातलं काही कळू देऊ नकोस.'

एवढंच वाचलं. पुढचं नाही, मागचं नाही. लगेच बंद केलं. आणि तुला सांगते, बंद करताना मला स्वतःचं कौतुक वाटलं, की बघ, एवढा राग येऊनही मी शब्द मोडला तो एका ओळीपुरताच. मग त्याच रागात कडी लावली. मला वाटलं तुम्ही दोघी मला हसत असाल. आणखी चार ओळी मागे गेले असते तर कळलं असतं काय चाललंय ते. पूर्ण बेइमान झाले असते तर ती आज टोकावड्याला असती. मी अर्धी झाले.

तिचा नवरा कमळाकरराव तिचा फोन बघतो, कॉल बघतो, व्हॉट्सॲप बघतो, हे मला माहीत होतं. ओटा त्याला लोणच्या-पापडाचा वाटतो, म्हणून तेवढा तो उघडत नाही, हेही तिने एकदा हसत सांगितलं होतं. म्हणून तुमचं ठरलं की फोन करायचा नाही, सगळं कुजबुजीतच. मी तीच एक वाट बंद केली. आणि आपल्या ओट्याची गंमत अशी की कडी लागली तरी ओट्यावरच्या बाईला तसं दिसत नाही. ती लिहिते, तिला वाटतं गेलं. पलीकडे काहीच पोचत नाही. तू म्हणाली होतीस की हे आपण सुधारू या, बाईला कळायला हवं. मी म्हटलं होतं, कडी लावायची वेळच कुणावर येणार आहे?

सात तारखेनंतर तिने तुला लिहिलेले निरोप इथेच पडून होते. ते तुझे आहेत म्हणून छापून सोबत पाठवते आहे. घडी घालून पिन मारली आहे. मी वाचले नाहीत. पण छापताना कागद बाहेर येतो तेव्हा डोळे मिटून उभं राहता येत नाही. दोन ओळी दिसल्या. एक, 'येऊ का सोमवारी? तू हो म्हण म्हंजे निघते.' दुसरी सगळ्यात खालची. 'मिताली बाय पण इचारत होती तुला. रागावलीस काय गो माझ्यावर?'

मिताली तिच्या शेजारची. तिलाही खळ्यावर शेजार होता, तोही माझ्यामुळे तुटला.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. चंद्रकला याआधी दोनदा माहेरी निघून आली होती. दोनदा तिच्या दादाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, तिला परत पोचवलं. "नवऱ्याचं घर हाय, राग काय कायमचा नसतो," हे ह्यांचं म्हणणं. मी काय केलं? दुसऱ्या खेपेला रव्याच्या लाडवांचा डबा भरून दिला. रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून. अकरा वर्षांचा संसार, मूल नाही, तो हात उचलतो, आणि मी लाडू वळत होते. तेव्हा तू तिचं आडनाव न विचारता तिला काय हवं ते विचारलंस. मला ते सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचाही मला तुझ्यावरच राग येतो. हे असं आहे. मी लपवत नाही आता.

कडी काल संध्याकाळी काढली. एकशे त्रेचाळीस शेजार प्रत्येकीने पुन्हा धरायचे आहेत. मी ओट्यावर लिहिलं की कडी खळ्याने नाही, मी लावली होती. भाविकाच्या सासूने खाली विचारलं, "का पण?"

तुझ्या पत्रात शेवटी आहे की स्वयंपाकाची जागा गेली, दुसरी बाई लागली. भांडी आणि झाडलोटीची जागा अजून आहे, ती पंधरवडाभर थांबेल. मी तिला आणते. कुजबुजीत काही लिहू नकोस. तिने परवापासून ओटा उघडलेला नाही, मशीन तेवढं सांगतं. मी स्वतः खर्डीला जाते.

दर्शना


शहापूर एसटी स्टँड,
मंगळवार, ८ जुलै २०२५

रत्ने,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. चंद्रकलाच्याच हातात देते आहे. सरळगावची गाडी लागायची आहे, ती शेजारी बाकावर बसून शेंगा सोलते आहे, आणि मी तिच्या पिशवीवर वही ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

रविवारी खर्डीला गेले. तिच्या सासूला म्हटलं, भाताच्या आवणीला माणूस मिळत नाही, चार दिवस नणंदेला पाठवा. आवणीचं नाव काढलं की कुणाला नाही म्हणता येत नाही, सगळ्यांच्याच चिखलात रोपं वाट बघत असतात. कमळाकरराव दारातच उभे. म्हणाले, "चार दिस म्हंजे चारच." मी म्हटलं, हो. तोंडावर खोटं बोलले आणि मला काही वाटलं नाही. तुझ्या बाबतीत बोलले तेव्हा वाटलं होतं.

काल दिवसभर ती खरंच आमच्या शेतात राबली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "नाय लावली तर दादाला कळंल." संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना मी तिला सगळं सांगितलं. निरोपांचा आकडा, ती एक ओळ, कडी. मला वाटलं ती शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे रत्ना रागावली नव्हती?"

मी म्हटलं, नाही.

"मला वाटलं वैतागली माझ्यावर," म्हणाली, आणि रत्ने, तिचा चेहरा असा उजळला की मला तिथेच त्या चिखलात बसावंसं वाटलं. मी तिची वाट बंद केली, तिची जागा घालवली, आता तिला भांडी घासावी लागतील, त्याचं काही नाही. तू रागावलेली नव्हतीस, एवढ्याने तिचं भागलं. मी समोर उभी होते. माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नाही.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं. म्हटलं, "अगो, मी घरातली. मशीन माझं. माझ्याकडे का नाही आलीस?"

तिने पदराने पाय पुसले. म्हणाली, "तुमच्याकडं आले असते तर तुमी दादाला सांगितलं असतं. नसतं सांगितलं का? सांगा तुमीच."

मी धुतलेलेच पाय पुन्हा धुतले. कारण मार्चमध्ये आली असती तर मी त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं असतं. भलं व्हावं म्हणूनच सांगितलं असतं. आणि मग लाडू वळायला घेतले असते.

आज सांगणार आहे. ती टोकावड्याला उतरली असं तू शाळेच्या फोनवर कळव, नंबर पाठीमागे लिहिला आहे, मग मी ह्यांना सांगीन. जेवायला वाढीन आणि सांगीन. काय होईल ते होईल. कदाचित हे उठून सरळ तुझ्या दारात येतील. आले तर दार उघड, पाणी दे, आणि तिसऱ्यांदा तिला पोचवायची असेल तर आधी मला पोचवावं लागेल असं सांग. माझ्या नावावर सांग. तुला जे बोलायचं असेल ते तुझ्या नावावर वेगळं बोल.

अर्जातला आडनावाचा रकाना मी अजून काढलेला नाही. तू खूश होशील म्हणून खोटं कशाला लिहू? रोज उघडून बघते. त्या दिवशी 'तुझं माहीतच होतं' म्हणाले ते मात्र मला रोज आठवतं, आणि आठवलं की एकटीच असले तरी तोंड फिरवते. त्याची माफी पत्रात मागायची नाही, समोर येऊन मागायची. तू बोलावलंस तर येईन.

कुजबुजीचं एक कर. तू नेहमी म्हणायचीस की निरोप असे बंद करता येतील की मशीनवालीलाही वाचता येणार नाहीत. ते कसं करायचं ते मला शिकव. तुझ्याकडून शिकायला मला जड जाईल, तू हळूहळू शिकव. माझ्यावर विश्वास ठेव असं मी आता कुणाला म्हणू शकत नाही.

गाडी आली बहुतेक. नाही, नाशिकची आहे.

माझा जळफळाट गेला असं समजू नकोस. ही आता गाडीत बसेल, खिडकीतून हात करील, आणि किन्हवली यायच्या आत मला विसरून तू काय म्हणशील याचा विचार करत बसेल. तुझ्या खळ्यावर नवं खातं उघडील. ओट्यावर तिच्या नावाखाली ती पाटी लागेल, मी रोज सकाळी मशीन चालू केलं की ती मला दिसेल. सहन करीन. न करून सांगते कुणाला?

आणखी एक सांगायचं राहिलं. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ती कबूल करणार नाही. ऐकू आलं नाही तरी मान हलवते, हसते, समोरच्याला कळत नाही. वसतिगृहात मुली पाठीमागून हाका मारतील आणि तिला उद्धट म्हणतील, तेव्हा तिथल्या बाईंना आधीच सांगून ठेव. तू तिच्याशी बोलताना उजव्या बाजूला बस. दोनशे चौदा निरोपांत हे तिने तुला लिहिलं नसणार, लिहिताना कानाची गरज कुठे पडते? मला माहीत आहे. ती दुसऱ्यांदा घरी आली तेव्हापासून माहीत आहे. कशाने झालं ते मी तेव्हा विचारलं नाही.

दर्शनाताई